लढलेल्या जागी पुन्हा: वयस्कर फौजीला रणभूमीवर नेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

१९७१ च्या लढाईत आबा, म्हणजे माझे वडील, बाडमेरच्या बाजूला पाण्याचा ट्रक चालवत होते. मी त्यांना तिकडे परत घेऊन गेलो हे माण तालुक्यात कुणी कुणाला सांगितलं ठाऊक नाही, पण तेव्हापासून फोन सुरू आहेत. कधी मुलगा, कधी सून, कधी नात, क्वचित स्वतः फौजी. प्रश्न तेच ते येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी फौजी नाही, फौजीचा मुलगा आहे. तेवढं धरून वाचा.

१. वडील "लढाईला होतो" एवढंच सांगतात. नेमके कुठे होते ते शोधायचं कसं?

आधी त्यांची काळी ट्रंक उघडा, अर्थात त्यांना विचारून. डिस्चार्ज बुकात आर्मी नंबर, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख मिळते. लढाई कुठे केली हे त्यात सहसा नसतं. ते मेडलवरून कळतं. १९७१ चा "पूर्वी स्टार" असेल तर माणूस पूर्वेकडच्या आघाडीवर होता, "पश्चिमी स्टार" असेल तर पश्चिमेकडच्या. संग्राम मेडल फार जणांना मिळालं, त्यावरून जागा ठरत नाही. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल अशी नावं आहेत. मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं, भिंग घेऊन बघा. भावकीत मेडलांची अदलाबदल झालेली मी दोन घरांत पाहिली आहे.

मग पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करायचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. अर्ज कसा लिहायचा ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात. आर्मी नंबरशिवाय अर्ज पाठवू नका, एकाच नावाची पन्नास माणसं निघतात.

आणि घरी प्रश्न बदलून विचारा. "कुठे लढलात?" म्हटलं की आबा "तिकडंच, बॉर्डरला" म्हणून गप्प होत. एकदा "रेल्वेतून कुठल्या स्टेशनावर उतरलात?" असं विचारलं, तर क्षणात उत्तर आलं, "बाडमेर. म्होरं मुनाबाव."

२. जागा कळली. आज तिथे सर्वसामान्य माणसाला जाता येतं का?

बऱ्याच ठिकाणी येतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने "भारत रणभूमी दर्शन" नावाची वेबसाइट सुरू केली, तिच्यावर अशा जागांची आणि परवान्यांची माहिती आहे. निघण्याआधी ती एकदा बघा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे राजस्थानातलं लोंगेवाला. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या २३ पंजाब पलटणीच्या कंपनीने इथे रणगाड्यांचा हल्ला रोखून धरला आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. जैसलमेरहून गाडीने तनोट आणि लोंगेवाला एका दिवसात होतं. "बॉर्डर" सिनेमामुळे गर्दी असते आणि गाइड लोक पाठ केलेली गोष्ट सांगतात. तुमच्या सोबतचे फौजी त्यांना मध्येच तोडतील. तोडू द्या.

पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर आहे. १९६५ मध्ये ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद तिथे पडले, त्यांचं स्मारक आहे. फिरोजपूरजवळ हुसैनीवाला आणि फाजिल्काजवळ आसफवाला इथेही जाता येतं. १९६२ साठी अरुणाचलात तवांग आणि लडाखमध्ये चुशूलजवळचं रेझांग लाचं स्मारक. १९६७ च्या चकमकीसाठी सिक्कीममधलं नाथू ला. कारगिलसाठी द्रास, पण कारगिलवाले अजून म्हातारे झालेले नाहीत, त्यांना न्यावं लागत नाही. ते आपल्यालाच नेतात.

डोंगरातल्या जागांसाठी प्रश्न ५ आधी वाचा.

३. वडील लढले ती जागा आता पाकिस्तानात आहे. मग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझ्या घरचाही हाच आहे. लढून घेतलेली जमीन कराराने परत गेली. १९६५ ला घेतलेली हाजी पीर खिंड १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानंतर गेली. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीने ज्या फिलोराला पॅटन रणगाडे फोडले आणि ज्या मोहिमेत लेफ्टनंट कर्नल तारापोर पडले, तो सगळा भाग पलीकडे आहे. १९७१ मध्ये बाडमेरसमोर आपली फौज खोखरापारच्या पुढे नया छोरच्या तोंडापर्यंत गेली होती. १९७२ च्या सिमला करारानंतर ती वाळू परत दिली.

तिकडे जाणं सध्या धरून चालू नका. अपवाद म्हणून एक गोष्ट माहीत असावी. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ रोजी पडलेले पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, परमवीर चक्र. त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेतरपाल, तेही फौजीच, २००१ मध्ये ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर नासर यांनी शेवटी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाच्या रणगाड्यावर गोळा टाकणारा मीच होतो. हे ऐकल्यावर आपण काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

आपल्यासारख्यांनी अलीकडून जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. बाडमेरहून मुनाबावला रेल्वे जाते, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. २००६ पासून २०१९ पर्यंत इथूनच थार एक्सप्रेस पलीकडे जायची. स्टेशनच्या पुढे सीमा सुरक्षा दलाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. आबा फलाटाच्या टोकाला उभे राहिले आणि हाताने दाखवत गेले: हितनं रूळ, तिथं पाण्याचं टाकं, त्या टेकाडाच्या पल्याड आमचा डेपो. टेकाड दिसत होतं. तेवढं त्यांना पुरलं. तुमच्या माणसाला पुरेल की नाही, ते निघण्याआधी त्यालाच विचारा.

४. काका बांगलादेशात लढले. जमालपूर बघता येईल का?

व्हिसा मिळाला तर येईल, पण ऑगस्ट २०२४ नंतर दोन्ही देशांतलं वातावरण बदललंय, तेव्हा ताजी स्थिती पाहूनच तिकिटं काढा. दर वर्षी विजय दिवसाच्या सुमारास आपले काही माजी सैनिक ढाक्याला आणि तिकडचे मुक्तियोद्धे (१९७१ चे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिक) कोलकात्याला असं येणं-जाणं असतं. त्या यादीत नाव घालायचं असेल तर पलटणीमार्फत विचारा.

मराठा पलटणीच्या घरांना जमालपूर वेगळं सांगायला नको. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि जमालपुरात वेढलेल्या पाकिस्तानी फौजेच्या कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री त्यांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो मराठ्यांनी हाणून पाडला. चिठ्ठी घेऊन जाणारा मुक्तिवाहिनीचा साधा माणूस होता, जहुरुल हक मुन्शी. तुमच्या काकांना हे नाव विचारून बघा.

५. वडिलांचं वय ८२. डॉक्टर काय म्हणतील?

१९७१ मध्ये विशीत असलेला आज पंचाहत्तरीला आला, १९६५ चा ऐंशीला, १९६२ चा त्याच्याही पुढे. राजस्थान, पंजाब सपाट आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सहज जमतं. पहाटेची थंडी मात्र कडक असते.

डोंगराची गोष्ट वेगळी. तवांग दहा हजार फुटांवर, नाथू ला आणि चुशूल चौदा हजारांच्या वर. हृदय, फुप्फुस किंवा बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना नुसतं "प्रवासाला जातोय" सांगू नका, उंचीचा आकडा सांगा. लेहला विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. फौजी हे ऐकत नाहीत. "आम्ही तिथं पाठीवर वजन घेऊन चढलोय" हे वाक्य येणारच, पण ते तेव्हा विशीत होते हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. घरात नात असेल तर तिच्याकडून सांगवा.

खुर्चीतून जाण्यात कमीपणा नाही. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रेझांग लाच्या नव्या स्मारकाचं उद्घाटन झालं, तेव्हा १९६२ च्या लढाईतले १३ कुमाऊंचे ब्रिगेडियर आर. व्ही. जटार व्हीलचेअरवरून आले होते आणि ती खुर्ची संरक्षणमंत्री राजनाथ सिंह ढकलत होते. तो फोटो घरी दाखवा, वाद मिटतो.

६. माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं की सगळीकडे सोडतात ना?

नाही. मान मिळतो, चहा मिळतो, कधी एखादा जवान सोबत येऊन सगळं दाखवतो, पण परवाना लागतो तिथे लागतोच. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट, नाथू लासाठी वेगळा परवाना, तवांगहून पुढे बुम ला खिंडीत जायचं तर आणखी एक. नियम बदलत राहतात, म्हणून महिनाभर आधी विचारून ठेवा. ओळखपत्र, पेन्शनचा आदेश (पीपीओ), ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आणि आधार यांच्या झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवा. मूळ कागद फौजीच्याच खिशात असू द्या, दुसऱ्याच्या हातात दिले तर त्यांना झोप लागत नाही.

७. सरकार खर्च देतं का?

घरच्यांनी स्वतः ठरवलेल्या प्रवासाला देत नाही. रेल्वेची ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. वीरपत्नींना मात्र रेल्वेत सवलत आहे, तिकीट काढण्याआधी चौकशी करा. वाटेत राहायला त्या त्या जिल्ह्यातलं सैनिक विश्रामगृह विचारून ठेवा, जेवण साधं आणि सोबतीला बोलायला माणसं मिळतात.

८. १६ डिसेंबरलाच जावं का?

माझं मत, नाही. त्या दिवशी पुष्पचक्र, मंडप, पुढाऱ्यांची भाषणं. म्हाताऱ्या माणसाला तीन तास खुर्चीवर बसवतात आणि शाल देतात. जुने सोबती भेटायचे असतील तर जरूर जा, त्यासारखं दुसरं काही नाही. पण जागा बघायची असेल तर आठवड्यातला कुठलाही साधा वार धरा. आम्ही फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गेलो. मुनाबावच्या फलाटावर आम्ही दोघं, एक कुत्रं आणि वारा.

९. वडील लढवय्ये नव्हते हो, ड्रायव्हर होते (किंवा लांगरी म्हणजे स्वयंपाकी, नाभिक, क्लार्क). त्यांनी तिथे जाऊन काय बघायचं?

हा प्रश्न मुलंच विचारतात असं नाही. आबाच मला म्हणाले होते, "मी कुठं गोळी झाडली? मला कशाला नेतोस?"

बाडमेरच्या वाळवंटात १९७१ ची खरी अडचण पाण्याची होती. फौज पुढे सरकली की पाणी, डिझेल, दारूगोळा मागून न्यायचा, आणि रस्ता म्हणून काही नव्हतंच. रेल्वेच्या माणसांनी मुनाबावपासून पलीकडे रूळ जोडून घेतले, तरी शेवटचा टप्पा ट्रकचाच. माणदेशातल्या पोराला पाण्याची किंमत वेगळी सांगायची गरज नव्हती. आबांकडे शक्तिमान ट्रक. रात्री दिवे बंद. पुढच्या गाडीच्या मागच्या आसाचा (ॲक्सलचा) गोळा पांढरा रंगवलेला असतो, त्यावर एका मिणमिणत्या दिव्याचा उजेड पडतो, तेवढ्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर लावून गाडी हाकायची. ठिपका हरवला की आपणही हरवलो.

हे मला ते पन्नास वर्षांत कधी बोलले नव्हते. तिकडच्या एका वाटेवर आमची भाड्याची गाडी वाळूत रुतली तेव्हा बोलले. ड्रायव्हर पोरगा ॲक्सिलरेटर दाबत होता आणि चाक खोल जात होतं. आबा काठी टेकत उतरले, वाळूची मूठ घेऊन सोडली, म्हणाले, "हवा काढ." पोराला कळेना. मग स्वतःच खाली बसले, व्हॉल्व्हवर किल्ली दाबून कानाने अंदाज घेत चारही चाकांची हवा कमी केली. पाचव्या मिनिटाला गाडी बाहेर. त्या पोराने वाकून पाया पडल्यावर आबा संकोचले. पुढची सगळी वाट तेच बोलत होते.

तेव्हा उत्तर असं की न्या. आणि नेल्यावर त्यांच्या कामाची वस्तू समोर येऊ द्या.

१०. त्यांना जायचंच नाही. सरप्राइज म्हणून नेलं तर?

अजिबात नेऊ नका. काहींना जे विसरायला आयुष्य लागलं ते आपण वाढदिवसाची भेट म्हणून समोर ठेवतो. वर्षभराने पुन्हा एकदा विचारा, तेव्हाही नको म्हणाले तर विषय सोडा. कित्येकांना रणभूमी नको असते, पण पलटणीच्या केंद्रात जायला आवडतं. बेळगावला नेऊन बघा.

११. तिथे त्यांना काय विचारावं? व्हिडिओ काढावा का?

"किती मारले?" हे विचारू नका, नातवंडांनाही आधीच सांगून ठेवा. जेवायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, बूट चावायचे का, असं विचारा. लढाई त्यातूनच बाहेर येते.

व्हिडिओ त्यांची हरकत नसेल तरच, आणि सीमेजवळ फोटोला बंदी असेल तिथे फोन खिशात. आमच्याकडचं सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग परतीच्या रेल्वेतलं आहे, दिवे मालवल्यानंतरचं. चित्र काळं, आवाज स्वच्छ.

१२. परत आल्यावर ते गप्प गप्प आहेत, रात्री दचकून उठतात. आमचं चुकलं का?

तिथे रडणं, एकदम बोलणं बंद होणं, जेवण नको म्हणणं हे अनेकांचं होतं. जवळ बसा, पाणी द्या, समजूत घालू नका. घरी आल्यावर चार-आठ दिवस अस्वस्थपणा राहतो. त्यापुढेही झोप उडालेली असेल, घाबरून उठत असतील, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. ईसीएचएसच्या दवाखान्यातून पुढे पाठवून घेता येतं. "फौजी माणूस, त्याला काय होतंय" हे वाक्य या घरांतलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. सोबत्याला फोन लावून द्या, कारण मुलाशी जे बोलत नाहीत ते त्याच्याशी बोलतात.

१३. स्मारकाच्या भिंतीवर त्यांच्या मित्राचं नाव सापडत नाही. विसरले का लोक?

बहुधा स्पेलिंग. साळुंखे, साळुंके, सोळंकी यांत भरतीच्या कारकुनाने काय लिहिलं त्यावर सगळं असतं. आडनाव गळून नुसतं नाव आणि वडिलांचं नावही असू शकतं. स्थानिक स्मारकावर कधी फक्त त्या एका पलटणीची नावं असतात. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. तिथे त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत आणि वेबसाइटवर शोधता येतात. आडनावाने नाही सापडलं तर पलटणीने शोधा. आर्मी नंबर कसा मिळवायचा ते प्रश्न १ मध्ये आहे.

१४. "ही ती जागाच नव्हे" म्हणतात. चुकीच्या ठिकाणी आणलं का?

कदाचित बरोबरच आणलंय. राजस्थानात कालव्याचं पाणी आल्यापासून जिथे नुसती वाळू होती तिथे मोहरी उभी आहे, डांबरी रस्ते झालेत, पंजाबात बांध हलले. नकाशावर वाद घालू नका. गावातला त्यांच्याच वयाचा माणूस शोधा. आम्हाला एका चहाच्या टपरीवर असे एक म्हातारबा भेटले. मारवाडी आणि माणदेशी, दोघांनाही एकमेकांचं निम्मंच कळत होतं, पण विहिरीची जागा दोघांनी मिळून ठरवली.

१५. वडिलांना विस्मरणाचा आजार आहे. नेलं तर आठवेल का?

त्या आशेने नेऊ नका. उलट काही जण तिथे गेल्यावर काळ विसरतात, पलटण शोधू लागतात, घाबरतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरी मेडल हातात द्या, पलटणीची घोषणा म्हणा. "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" एवढं म्हटल्यावर मुलाचं नाव विसरलेल्या एका काकांनी पलंगावरून "जय" दिलेला मी स्वतः ऐकलाय.

१६. पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, आता ते नाहीत. आम्ही जावं का?

जा. मराठा पलटणी इरिट्रियात केरेनला, इटलीत आणि मणिपुरात लढल्या. मणिपुरातल्या सांगशाकला मार्च १९४४ मध्ये चौथी मराठा होती. इटलीत मोंतोने गावाजवळ १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगडमधल्या माणगाव तालुक्याचे. २०२३ मध्ये मोंतोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माणसं हिरमुसतात. आपल्या बहुतेक हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला, त्यामुळे थडगं सापडत नाही, स्मारकावर नुसतं नाव असतं. ते नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा. स्पेलिंगचा घोळ प्रश्न १३ सारखाच.

१७. एकदा नेऊन आणलं. आता पुन्हा चल म्हणतात. तेच तेच काय बघायचं?

आमच्याकडेही हेच चाललंय. पहिल्या खेपेला आबांनी सगळं दिवसाउजेडी बघितलं, आता त्यांना तीच वाट रात्री बघायची आहे. थंडीत जायचं ठरतंय. गाडीचे हेडलाइट मी बंद करणार नाही, हे आधीच बजावून ठेवलंय. त्यावर ते म्हणाले, "मग म्होरल्या गाडीचा पांढरा ठिपका दिसंल कसा?"